उजवा कौल

केंब्रिजच्या सिडनी स्ट्रीटवर सेन्सबरीजचं दुकान आहे. दूध, ब्रेड, मिळालीच तर कोथिंबीर, आमची सगळी किरकोळ खरेदी तिथलीच. बाहेर पडलं की समोर सिडनी ससेक्स कॉलेज, आणि त्याच्या चॅपलच्या आसपास कुठेतरी ऑलिव्हर क्रॉमवेलचं, सतराव्या शतकात राजाविरुद्ध संसदेच्या बाजूने लढलेल्या सेनानीचं, डोकं पुरलेलं आहे. नुसतं डोकं. तिथल्या पाटीवर तारीख आहे, २५ मार्च १९६०. नेमकी जागा मात्र दाखवत नाहीत. कारण उघड आहे. हार घालणारेही येतील आणि उकरणारेही.

उकरण्याचा अनुभव त्या डोक्याला आहेच. ३ सप्टेंबर १६५८ ला क्रॉमवेल गेला तेव्हा तो लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे देशाचा सर्वोच्च सत्ताधीश होता. राजा नव्हता, पण दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत राजाच्या थाटात झालं. दोन वर्षांत राजेशाही परतली. ३० जानेवारी १६६१ ला, म्हणजे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होऊन बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी, क्रॉमवेलचं प्रेत टायबर्नच्या वधस्थानी नेऊन फासावर लटकवलं. मेलेल्याला फाशी! मग डोकं तोडून वेस्टमिन्स्टर हॉलच्या माथ्यावर खांबाला खोचलं. वीसेक वर्षं ते तिथे ऊनपाऊस खात राहिलं. पुढे वादळात खाली पडलं म्हणतात. मग ते या हातातून त्या हातात गेलं, पैसे घेऊन लोकांना दाखवलं गेलं, आणि शेवटी जिथे त्याने १६१६-१७ मध्ये वर्षभर शिक्षण घेतलं त्या कॉलेजात येऊन विसावलं.

शाळेच्या पुस्तकात हा माणूस आम्हाला जेमतेम दोन ओळींत भेटला होता: राजा विरुद्ध संसद, राजाचा शिरच्छेद, पुढचा धडा. इथे राहायला आले आणि कळलं की आपण त्याच्या मुलखातच घर केलंय. केंब्रिजहून निघणारी बस सेंट आइव्ह्जवरून हंटिंग्डनला जाते. हंटिंग्डन त्याचं जन्मगाव. तो शिकला त्या शाळेच्या जुन्या इमारतीत आता त्याचं संग्रहालय आहे. सेंट आइव्ह्जच्या बाजारात त्याचा पुतळा आहे, डोक्यावर हॅट, काखेत बायबल, एक बोट रोखलेलं. दुसऱ्या दिशेला ईली. तिथल्या त्याच्या घरात हल्ली पर्यटकांना नकाशे मिळतात.

या भागात त्याची ओळख घरच्या माणसासारखी सांगतात, आणि ती खोटी नाही. बेताच्या ऐपतीचं जमीनदार घराणं. हंटिंग्डनची मालमत्ता विकून हा सेंट आइव्ह्जला दुसऱ्याची जमीन खंडाने कसत होता. मामाचा वारसा मिळाला म्हणून ईलीत जरा बरे दिवस आले. चाळिशी गाठेपर्यंत इतिहासाने दखल घ्यावी असं त्याने काही केलं नव्हतं. १६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली तेव्हा वय त्रेचाळीस, लढाईचा अनुभव शून्य. घोडेस्वारांचं एक पथक उभारलं. माणसं निवडताना कुळ बघितलं नाही, आपण कशासाठी लढतोय हे त्यांना कळतं का तेवढं बघितलं. दोन वर्षांत मार्स्टन मूरची लढाई जिंकली, तीन वर्षांत नेझबीची. घोडदळ चालवण्यात त्याच्या तोडीचा माणूस राजाकडे उरला नाही.

याच मुलखातली आणखी एक गोष्ट. जानेवारी १६४४. ईलीच्या कॅथीड्रलमध्ये हिच नावाचे पाद्री गायनासह जुन्या पद्धतीची उपासना चालवत होते. बंद करा असं बजावूनही ऐकेनात. क्रॉमवेल, जो तेव्हा ईलीचा गव्हर्नर होता, शिपाई घेऊन आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, हा पोरखेळ पुरे, खाली उतरा. मी त्या कॅथीड्रलच्या उंच लाकडी छताखाली उभी राहिले की मला लढाया आठवत नाहीत, हे वाक्य आठवतं. समोरच्याची पूजा पोरखेळ आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

लंडनला त्याचा पुतळा थेट संसदेच्या दारात आहे. १८९५ मध्ये सरकारने त्यासाठी पैसे मागितले तेव्हा आयरिश खासदार असे खवळले की मागणी मागे घ्यावी लागली. शेवटी माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी यांनी स्वतःच्या खिशातून, नाव न सांगता, खर्च केला, आणि १८९९ च्या नोव्हेंबरात एका सकाळी लवकर, फारसा गाजावाजा न करता पुतळ्यावरचं कापड काढलं. रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या दारावर चार्ल्स राजाचा छोटासा अर्धपुतळा बसवलाय. दोघं एकमेकांकडे बघतात असं गाइड सांगतात. पुढे नौदलमंत्री असताना चर्चिलने एका युद्धनौकेला क्रॉमवेलचं नाव सुचवलं, तेव्हा पंचम जॉर्जने साफ नकार दिला. राजाचं डोकं उडवणाऱ्याचं नाव राजाच्या जहाजाला कसं द्यायचं, हे राजाच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं.

गंमत अशी की ज्या संसदेच्या दारात तो उभा आहे, ती त्याने स्वतः रिकामी केली होती. २० एप्रिल १६५३ ला बंदूकधारी शिपाई आत घेऊन त्याने सभासदांना बाहेर काढलं. तुम्ही फार दिवस बसलात, आता देवाच्या नावाने चालते व्हा, अशा अर्थाचं तो बोलला. नेमके शब्द ज्याने त्याने आपापल्या परीने नोंदवलेत. सभागृहाचा मानदंड ‘हे खेळणं उचला’ म्हणून हलवला. नंतर दारावर कुणीतरी चिठ्ठी लावली म्हणे: घर भाड्याने देणे आहे, सामानाशिवाय. आणि तेच ‘चालते व्हा’ मे १९४० मध्ये खासदार लिओ अमेरी यांनी त्याच संसदेत पंतप्रधान चेंबरलेनना ऐकवलं. संसद मोडताना उच्चारलेलं वाक्य संसदेची शान म्हणून वापरता येतं, हे इंग्रजांनाच जमावं.

इथवर मलाही हा माणूस आवडू लागला होता. त्याने कुणाची हुजरेगिरी केली नाही, पुढे मुकुट समोर आला तेव्हा नाकारला. शिवाय १२९० साली इंग्लंडमधून हाकललेल्या ज्यूंना परत राहू देण्याचा प्रश्न त्याने १६५५ मध्ये स्वतः चर्चेला घेतला, आणि परिषदेत एकमत होईना तेव्हा गाजावाजा न करता त्यांना राहू दिलं. एकदा ऑफिसात आयरिश सहकारिणीला मी सहज म्हटलं की ईलीला क्रॉमवेलचं घर बघून आले. तिने कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणाली, “माझी आजी कुणावर फार संतापली की ‘क्रॉमवेलचा शाप लागो तुला’ म्हणायची. त्याच्या पलीकडे शिवी नव्हती तिच्याकडे.”

आयर्लंडमध्ये कुठलाही पडका किल्ला दाखवा, तो क्रॉमवेलने पाडला असं सांगणारा भेटतो. जिथे त्याने पाऊलही ठेवलं नाही तिथेसुद्धा. मठांचे काही अवशेष तर शंभर वर्षं आधीच्या, आठव्या हेन्रीच्या मंत्र्याच्या, थॉमस क्रॉमवेलच्या काळातले. पण आडनाव एकच असल्यामुळे तेही पाप ऑलिव्हरच्या खात्यात. इंग्रज चाहते या घोळाकडे बोट दाखवून हसतात. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही. उद्ध्वस्त गावाला पडझडीचं एक नाव हवं असतं, आणि ते नाव त्यांनी काही हवेतून आणलेलं नव्हतं.

म्हणून डब्लिनला गेले तेव्हा आगगाडीने ड्रॉहेडाला गेले. (डब्लिनमध्ये मालवणकडची म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: वराडकर तुमचे कोण? लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या वडिलांचं वराड आमच्याच तालुक्यात. नातं काही नाही, पण नाही म्हणताना उगाच छाती फुगते.) ड्रॉहेडा बॉइन नदीच्या दोन्ही काठांवर वसलंय. चढउताराचं गाव. दक्षिणेला मिलमाउंटची टेकडी, तटाचे तुटके अवशेष, उत्तरेला शहराचा मुख्य भाग. सप्टेंबर १६४९ मध्ये इथे राजाच्या पक्षाची सुमारे तीन हजारांची शिबंदी होती. किल्लेदार सर आर्थर ॲस्टन हा इंग्रज कॅथलिक, एका पायाने अधू, लाकडी पायावर चालणारा. संसदेचं सैन्य घेऊन आलेल्या क्रॉमवेलने निरोप धाडला, शरण या, नाहीतर पुढे मला दोष देऊ नका. ॲस्टनने नाकारलं. ११ सप्टेंबरला तोफांनी दक्षिणेचा तट फोडला. पहिले हल्ले परतवले गेले, मग क्रॉमवेल स्वतः खिंडारातून आत शिरला.

पुढचं त्यानेच १७ सप्टेंबरच्या पत्रात संसदेच्या सभापतीला कळवलंय. लढाईच्या भरात मी शहरातल्या कुणाही शस्त्रधाऱ्याला जिवंत सोडू नका असा हुकूम दिला. त्या रात्री दोनेक हजार माणसं कापली गेली. शंभरेक जण सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यात चढून बसले, तेव्हा खाली आग लावली, आणि आत जळणारा एक जण देवाला शिव्या देत ‘मी जळतोय, मी जळतोय’ म्हणत होता, हेसुद्धा पत्रात आहे. दुसऱ्या दिवशी शरण आलेल्यांपैकी एका तुकडीतले अधिकारी मारले, शिपायांपैकी दर दहावा मारला, बाकीचे जहाजात घालून बार्बाडोसला पाठवले. ॲस्टनला त्याच्याच लाकडी पायाने ठेचून मारलं असं सांगतात. पाद्री दिसले तिथे मारले गेले.

इथून वाद सुरू होतो, आणि तो मला अजून चालू असावा असा वाटतो, कारण दोन्ही बाजूंकडे दारूगोळा आहे. एक बाजू म्हणते, तेव्हाचा रिवाजच तो. शरण येण्याची संधी नाकारली आणि तट फुटला, की शिबंदीला अभय देण्याचं बंधन नाही. १६३१ मध्ये जर्मनीत माग्डेबुर्ग शहरात सुमारे वीस हजार माणसं मेली, त्यापुढे ड्रॉहेडा किती? शिवाय मारलेले बहुतेक सैनिक, त्यातले कितीतरी इंग्रज. खुद्द ड्रॉहेडातल्या एका अभ्यासकाने हेच मांडून गावात वादळ उठवलं. दुसरी बाजू म्हणते, ते पत्र छापलं गेलं तेव्हा मृतांच्या यादीच्या शेवटी ‘आणि बरेच रहिवासी’ असे शब्द होते, त्यांचं काय? ते शब्द क्रॉमवेलचे की छापणाऱ्यांचे यावर पानंच्या पानं खर्ची पडलीत.

मला त्या यादीपेक्षा त्याच पत्रातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने लिहिलंय, माझी खात्री आहे की ज्यांनी इतक्या निरपराधांच्या रक्तात हात बुडवले त्या रानटी दुष्टांवर देवाने केलेला हा न्याय्य निवाडा आहे, आणि यामुळे पुढचा रक्तपात टळेल. अशा कृत्यांना हीच समाधानकारक कारणं, एरवी त्यांनी पश्चात्ताप आणि खेदच वाट्याला आला असता.

‘त्या काळाच्या मापाने मोजा’ हा बचाव इथे संपतो. त्या काळाचं माप त्याच्याच हातात होतं, आणि कारणं नसती तर पश्चात्ताप व्हायला हवा होता हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मग कारणं तपासायला हवीत. निरपराधांचं रक्त म्हणजे १६४१ चा, उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातला कॅथलिकांचा उठाव. त्यात प्रोटेस्टंट वसाहतवाले काही हजारांनी मारले गेले, आणि लंडनच्या छापखान्यांनी तो आकडा लाखांत नेला. पण ड्रॉहेडा त्या उठावात सामील नव्हतं. उलट त्या हिवाळ्यात बंडखोरांनीच ड्रॉहेडाला वेढा घातला होता आणि गावाने तो परतवला होता. म्हणजे सूड ज्यांचा घ्यायचा ते इथे नव्हतेच. पुढचा रक्तपात टळेल हे दुसरं कारण. पुढच्या महिन्यात वेक्सफर्ड झालं, बोलणी चालू असतानाच, आणि तिथे रहिवाशांच्या मृत्यूबद्दल फारसा वादही नाही. युद्ध आणखी साडेतीन वर्षं चाललं.

क्रॉमवेल स्वतः मे १६५० मध्येच परतला, जेमतेम नऊ महिने राहून. दुष्काळ, प्लेग आणि जमिनींची जप्ती हा त्याहून मोठा कहर त्याच्या सरदारांच्या हातून झाला, पण कायदे त्याच्याच राजवटीचे. कॅथलिक मालकांना शॅनन नदीपलीकडच्या खडकाळ कॉनॉट प्रांतात हाकललं. विल्यम पेटीने जप्त झालेल्या जमिनींची मोजणी करून नकाशे काढले आणि त्या सैनिकांना, सावकारांना वाटल्या. १६४१ मध्ये आयर्लंडची निम्म्याहून जास्त जमीन कॅथलिकांकडे होती, क्रॉमवेलनंतर ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली. आजीच्या शिवीचं मूळ कत्तलीइतकंच या नकाशांत असणार.

हा माणूस असा दुभंगलेला का, असं सगळे विचारतात. लोकशाहीचा क्रॉमवेल एक आणि आयर्लंडचा दुसरा, असं इंग्रज पुस्तकांत हळूच दोन कप्पे केलेले असतात. मला तो दुभंगलेला वाटतच नाही. आमच्या गावात देवळात कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाला कळे लावतो, आणि उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. माझ्या एका आत्याचं लग्न डाव्या कौलावर मोडलं होतं. आपला त्यावर विश्वास असो नसो, त्यात एक गोष्ट मान्य केलेली असते: विचारायचं आधी, आणि देव नाही म्हणू शकतो. क्रॉमवेल कौल लावायचा लढाई झाल्यावर. जिंकलो म्हणजे देव हो म्हणाला. रणांगणावर तो जवळपास हरलाच नाही, त्यामुळे त्याचा प्रत्येक कौल उजवा.

याच चष्म्यातून त्याने राजाकडे बघितलं. युद्धात देवाने ज्याच्याविरुद्ध निकाल दिला, त्याच चार्ल्सने पुन्हा युद्ध पेटवलं म्हणजे तो देवाच्या निकालाविरुद्ध गेला, म्हणून मृत्युदंड. फर्मानावरच्या एकोणसाठ सह्यांत क्रॉमवेलची सही तिसरी. याच चष्म्यातून त्याने १६५७ मध्ये मुकुट नाकारला: देवाने जे धुळीला मिळवलं ते मी परत उभारणार नाही, जेरिकोची भिंत पुन्हा बांधणार नाही. ज्याला आपण निःस्पृहपणा म्हणतो तो आणि ड्रॉहेडाचं पत्र, दोन्ही एकाच झऱ्याचं पाणी. धर्मस्वातंत्र्याचंही तेच. आयर्लंडमध्ये न्यू रॉसच्या गव्हर्नरने सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्याने कळवलं, मी कुणाच्या सद्सद्विवेकात ढवळाढवळ करत नाही, पण त्याचा अर्थ मास, म्हणजे कॅथलिक उपासना, करण्याची मुभा असा असेल, तर जिथे संसदेची सत्ता आहे तिथे ती मिळणार नाही. ईलीच्या हिच पाद्रींना हे नवं वाटलं नसतं.

ड्रॉहेडाला अजून वर्ष झालं नव्हतं तेव्हा, ३ ऑगस्ट १६५० ला, त्याने स्कॉटलंडच्या धर्मसभेला एक पत्र लिहिलं. दुसऱ्या चार्ल्सच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्या मंडळींना त्याने काकुळतीने विनवलं: ख्रिस्ताची आण घालून सांगतो, तुमची चूक होत असणं शक्य आहे, एवढं मनात आणा. त्याच्या पत्रांतलं हे सगळ्यात सुंदर वाक्य. बरोबर महिन्याने डनबारला त्याने त्यांचा धुव्वा उडवला. चूक कोणाची हे ठरलं.

ड्रॉहेडाच्या वेस्ट स्ट्रीटवर सेंट पीटरच्याच नावाचं दुसरं, कॅथलिक चर्च आहे. तिथे काचेच्या पेटीत एक डोकं ठेवलंय. आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचं. खोट्या कटाच्या आरोपावरून त्यांना १ जुलै १६८१ ला त्याच टायबर्नला मारलं, जिथे वीस वर्षांपूर्वी क्रॉमवेलचं प्रेत टांगलं होतं. त्या दिवशी लंडनमध्ये पहिल्या ऑलिव्हरचं डोकं बहुधा अजून खांबावर असेल. दुसऱ्या ऑलिव्हरना १९७५ मध्ये संतपद मिळालं. पेटीसमोर मेणबत्त्या असतात, बायका गुडघे टेकतात, शाळेची पोरं दबकत बघून जातात. लपवाछपवी काही नाही.

परत आल्यावर मी एक गोष्ट शोधत राहिले: क्रॉमवेलला कधी डावा कौल पडला का? पडला, एकदाच. १६५४ च्या अखेरीस त्याने कॅरिबियनमधली स्पॅनिश बेटं घ्यायला मोठं आरमार धाडलं. (त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी त्याच्यापुढे पोर्तुगीजांकडच्या मुंबईचा विषय काढला होता: उत्तम बंदर आहे, जमिनीकडून हल्ल्याची भीती नाही. त्यातून काही निघालं नाही. मुंबई पुढे इंग्रजांना मिळाली ती त्याच्या वैऱ्याच्या मुलाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या, १६६१ च्या विवाहकरारात.) एप्रिल १६५५ मध्ये हिस्पानियोला बेटावर या आरमाराची नाचक्की झाली. जमैका हाती लागलं, पण तेव्हा ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. बातमी आली तेव्हा क्रॉमवेलने दिवसभर स्वतःला खोलीत कोंडून घेतलं.

देव का रागावला याचा शोध सुरू झाला. कुणाच्या पापामुळे हे झालं? देशभर उपवासाचा दिवस जाहीर झाला. राजाच्या पक्षाचं एक बंडही त्याच वसंतात होऊन गेलं होतं, त्यामुळे इंग्लंड आणि वेल्स मेजर जनरलांच्या ताब्यात वाटून दिले. बंडखोरांवर नजर ठेवण्याबरोबर त्यांना देशाची चालचलणूक सुधारायचं काम मिळालं: दारूचे गुत्ते बंद करा, घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी थांबवा, ऊठसूट देवाच्या शपथा घेणाऱ्यांना आणि झिंगलेल्यांना पकडा. देवाला काय खटकलं असेल याचा अंदाज इथवर गेला. ड्रॉहेडाची बातमी लंडनला पोचली होती तेव्हा याच देशाने एक दिवस राखून ठेवला होता, आभार मानायला.